पंधरा लाख डॉलर सोडून दिले! गोल्फमध्ये 'हौशी' खेळाडू नेमका कोण?

या भागात गोल्फमधला एकच शब्द घेऊ: ॲमॅच्युअर, म्हणजे हौशी खेळाडू.

जानेवारी २०२४. कॅलिफोर्नियात पीजीए टूरची 'द अमेरिकन एक्स्प्रेस' स्पर्धा जिंकली निक डनलॅपनं. वय २०, कॉलेजात शिकणारा मुलगा. १९९१ मधल्या फिल मिकलसननंतर या टूरवर प्रथमच एक हौशी खेळाडू जिंकला. पहिलं बक्षीस होतं १५ लाख १२ हजार डॉलर. डनलॅपला किती मिळाले? शून्य. ती रक्कम गेली दुसऱ्या आलेल्या क्रिस्टियान बेझुइडेनहाउटला. कारण डनलॅप हौशी म्हणून खेळत होता.

म्हणजे बघा, हौशी याचा अर्थ 'कच्चा खेळाडू' नव्हे. तुम्ही किती चांगलं खेळता हे नियम विचारतच नाही. पैसे कशाचे आणि किती घेतले, एवढंच विचारतो.

जगभरासाठी हे नियम आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्था ठरवतात. १ जानेवारी २०२२ पासून ते बरेच सुटसुटीत झाले. हौशी दर्जा जातो तो मुख्यतः असा:

१. ७०० पौंड किंवा १,००० डॉलरपेक्षा जास्त किमतीचं बक्षीस घेतलं तर.
२. व्यावसायिक म्हणून स्पर्धेत उतरलात तर.
३. फी घेऊन समोरच्याला गोल्फ शिकवलंत तर. (याला थोडे अपवाद आहेत.)
४. क्लबचा प्रोफेशनल म्हणून नोकरी धरली किंवा व्यावसायिकांच्या संघटनेचं सदस्यत्व घेतलं तर.

आता एक बारकावा. रोख बक्षीस, तेही मर्यादेतलं, फक्त स्क्रॅच स्पर्धेत चालतं, म्हणजे जिथे हँडिकॅपची सूट नसते तिथे. हँडिकॅप स्पर्धेत रोख रक्कम अजिबात नाही. वस्तू किंवा व्हाउचर चालेल. असं का? हँडिकॅप म्हणजे कमी ताकदीच्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत. ती ठरते आपणच नोंदवलेल्या स्कोअरवरून. बक्षिसात नोटा आल्या, की मुद्दाम वाईट खेळून सवलत वाढवून घ्यायचा मोह होणारच! गोल्फमध्ये बहुतेक वेळा शेजारी पंच नसतो. सगळा खेळ खेळाडूच्या शब्दावर चालतो. हा नियम तो शब्द सांभाळतो.

आणि होल-इन-वनला ठेवलेली गाडी? ती खुशाल घ्या. त्या बक्षिसाला ही मर्यादा लागू नाही.

जाहिरात, प्रायोजक, प्रवासखर्च यांवरची जुनी बंधनंही २०२२ मध्ये गेली. ते बरंच झालं. कारण जुने नियम कधीकधी फार जाचक व्हायचे. फ्रान्सिस विमेट हा एकेकाळचा कॅडी १९१३ ची यूएस ओपन हौशी म्हणून जिंकला. पुढे त्यानं खेळाच्या सामानाच्या धंद्यात भाग घेतला, म्हणून १९१६ मध्ये यूएसजीएनं त्याचा हौशी दर्जा काढला! १९१८ मध्ये तो परत मिळाला. घरची श्रीमंती असलेल्याला असली अडचण आली नसती. आज डनलॅपसारख्या मुलाला हौशी राहूनही प्रायोजक घेता येतो.

दर्जा गेला तरी दार कायमचं बंद होत नाही. आपल्याकडे इंडियन गोल्फ युनियनकडे अर्ज करून तो परत मागता येतो. पण क्लबच्या स्पर्धेत बक्षिसाचं पाकीट हातात घेण्याआधीच एक प्रश्न विचारून ठेवा: स्पर्धा स्क्रॅच आहे की हँडिकॅप?

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात!