सिल्क मिलमधली हातोडी

ग्लॉस्टरशरमधल्या चिपिंग कॅम्पडनला जायचं तर लंडनच्या पॅडिंग्टनहून गाडी धरावी, मॉर्टन-इन-मार्शला उतरावं आणि पुढे बस पकडावी. रूळ आजही गावाजवळून जातात, पण इथलं स्टेशन १९६६ मध्ये बंद झालं. १९०२ साली ते चालू होतं, आणि त्या वर्षी लंडनच्या ईस्ट एंडमधले चांदीकाम करणारे, लोहार, सुतार, मुद्रक असे कारागीर बायकामुलांसह इथे राहायला आले. सगळे मिळून दीडशेच्या आसपास. पर्यटकांसाठीच्या पुस्तिका या गावाची गोष्ट मेंढ्यांपासून सुरू करतात. मला ती या माणसांपासून सांगावीशी वाटते.

तरी मेंढ्यांना वगळून चालत नाही. मध्ययुगात कॉट्सवोल्ड टेकड्यांवरच्या लोकरीला युरोपात मोठा भाव होता. इथला बडा व्यापारी विल्यम ग्रेव्हेल १४०१ मध्ये वारला. सेंट जेम्स चर्चमधल्या त्याच्या पितळी स्मृतिपटावर त्याला साऱ्या इंग्लंडच्या लोकर-व्यापाऱ्यांचं भूषण ठरवलं आहे. दोनशे वर्षांनी बॅप्टिस्ट हिक्स आला. दरबाराला रेशीम विकून आणि राजाला कर्ज देऊन गब्बर झालेला असामी. लोणी-चीज-कोंबड्या विकणाऱ्यांना आडोसा म्हणून त्याने १६२७ मध्ये हाय स्ट्रीटवर कमानींचा बाजारमंडप बांधून दिला. त्याची दगडी फरशी आता झिजून उंचसखल झाली आहे, बेतानेच चालावं लागतं. हिक्सचा स्वतःचा वाडा मात्र १६४५ मध्ये, यादवी युद्धात, राजाच्याच सैन्याने माघार घेताना पेटवून दिला. पुढे लोकरीचा पैसा आटला. नवं बांधायची ऐपत नाही, म्हणून जुनं पाडलंही गेलं नाही. आज लोक ज्या पिवळसर दगडी रस्त्याचे फोटो काढतात, तो बव्हंशी मंदीनेच राखला.

नेमकी हीच निवांत पडझड सी. आर. ॲशबी या वास्तुरचनाकाराला भावली. यंत्रयुगाचे टीकाकार रस्किन आणि मॉरिस यांच्या विचारांनी भारलेल्या ॲशबीने १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’ ही कारागिरांची संघटना स्थापन केली होती. कामगाराला कामात आनंद मिळावा, नफ्यात वाटा मिळावा, यंत्राने माणसाला हाकू नये, हे तिचं सूत्र. कारागिरांनी मतदान करून स्थलांतराचा निर्णय घेतला आणि शीप स्ट्रीटवरच्या जुन्या रेशीम गिरणीत हातोड्या वाजू लागल्या. गाणी, नाटकं, पोहायला तलाव, संध्याकाळचे वर्ग, सगळं होतं. नव्हता तो बाजार. लंडनमध्ये मागणी घटली की कारागीर काही दिवस दुसरीकडे काम शोधी. कॅम्पडनमध्ये दुसरीकडे म्हणजे शेत. त्यात मोठ्या दुकानांनी तशाच घाटाच्या, पण स्वस्तातल्या वस्तू विकायला काढल्या. १९०८ पर्यंत गिल्डचा कारभार आटोपला. ॲशबीचा भाबडेपणा यात होताच, पण सहा वर्षं टिकलेल्या या फसलेल्या प्रयोगाने गावाला जे दिलं ते हिक्सच्या मंडपापेक्षा कमी नाही, असं माझं मत आहे.

कारण काहीजण गेलेच नाहीत. जॉर्ज हार्ट हा चांदीकाम करणारा त्यांतला एक. त्याच्या वंशजांची कार्यशाळा आजही त्याच गिरणीत आहे. जिना चढून वर गेलात तर काम चाललेलं दिसतं. चांदीचा सपाट पत्रा लोखंडी खुंटावर धरून मठारत न्यायचा. ठोके बसले की धातू कडक होतो, मग तापवून पुन्हा मऊ करायचा, पुन्हा ठोकायचा. असे अनेक फेरे झाले की वाटीला वाटीचा आकार येतो. छताला जुन्या पावत्यांचे गठ्ठे लटकलेले असतात. हिशेब ठेवण्याची ही पद्धत लेखापरीक्षकाला झीट आणणारी आहे.

गिल्डच्या ओढीने आणखीही माणसं आली. शेजारच्या ब्रॉड कॅम्पडनमधलं मोडकळीला आलेलं नॉर्मन चॅपल ॲशबीने दुरुस्त केलं, ते आनंद कुमारस्वामींना राहण्यासाठी. भारतीय कलेचे भाष्यकार म्हणून आपण ओळखतो तेच हे कुमारस्वामी. श्रीलंकेतल्या मध्ययुगीन कलेवरचा त्यांचा ग्रंथ १९०७-०८ मध्ये त्याच घरात हातयंत्रावर छापला गेला, आणि ते यंत्र मॉरिसच्या केल्म्स्कॉट प्रेसमधलं. श्रीलंकेतल्या कँडीच्या कारागिरांची कैफियत इंग्लंडमधल्या खेड्यात, यंत्रयुगाला कंटाळलेल्या मंडळींच्या साहाय्याने छापली जावी, यात मला योगायोगापेक्षा जास्त काही दिसतं: दोन्हीकडे गिरणीच्या मालाने तेच हात रिकामे केले होते.

एफ. एल. ग्रिग्ज हा कोरीव चित्रं करणारा चित्रकारही इथे स्थायिक झाला. विजेच्या तारा, पाट्या, नवी बांधकामं यांवरून तो आयुष्यभर भांडला, आणि गावाबाहेरची डोव्हर्स हिल ही टेकडी बांधकामापासून वाचवण्यात त्याचा पुढाकार होता. बाजारमंडपही १९४०च्या दशकात अमेरिकेत विकला जाण्याची वेळ आली, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो घेतला आणि वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केला.

डोव्हर्स हिलवर चढाच. खाली इव्हशॅमचं खोरं पसरलेलं दिसतं, आणि बाथपर्यंत जाणारी १६४ किलोमीटरची कॉट्सवोल्ड वे ही पायवाट याच वाटेने निघते. रॉबर्ट डोव्हर या वकिलाने १६१२च्या सुमारास इथे ‘ऑलिंपिक’ खेळ भरवले. १८५२ नंतर ते बंद पडले, विसाव्या शतकात पुन्हा सुरू झाले. वसंतातल्या बँक हॉलिडेनंतरच्या शुक्रवारी भरणाऱ्या या जत्रेत मानाचा खेळ म्हणजे एकमेकांच्या नडगीवर लाथा मारणं. पांढरे सैल अंगरखे घातलेले दोघे पँटमध्ये गवत कोंबून, एकमेकांचे खांदे धरून भिडतात. रात्री मशाली पेटवून सगळी गर्दी टेकडी उतरते आणि गावात नाचायला जाते, लंगडणारेही.