हवेत खड्डा नसतो

फेब्रुवारीतली सकाळ, साडेसातची वेळ. कराडजवळच्या धावपट्टीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला चिकटून निपचित लोंबत होती. हवा इतकी शांत असूनही माझे तळवे गार पडले होते. मला विमानाची भीती वाटते, आणि ती थोडीथोडकी नाही. मोठ्या विमानातही ढगांच्या वर पोहोचेपर्यंत मी खुर्चीचा हात सोडत नाही. इथं तर समोर चार आसनांचं, एका इंजिनाचं सेस्ना उभं होतं. त्याचं दार आमच्या मोटारीच्या दारापेक्षा हलकं लागलं.

मामेभाऊ वैमानिक आहे. सह्याद्रीचं रान एकदा वरून दाखव, म्हणून मीच त्याच्यामागे लागले होते. "ताई, पट्टा आवळ," तो म्हणाला, "आणि पोटात गोळा आला की या काट्याकडे बघ." त्याचं बोट उंची दाखवणाऱ्या तबकडीवर होतं.

निघालो आणि काहीच झालं नाही. कोयनेच्या खोऱ्यात विमान असं सरकत होतं की पेल्यातलं पाणीही डचमळलं नसतं. खाली उसाचा हंगाम भरात होता. गुऱ्हाळांचा आणि साखर कारखान्यांचा धूर थोडा वर चढून मग अदृश्य छताला टेकल्यासारखा आडवा पसरला होता. त्या छतानंच आम्हाला शांतता दिली होती. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि तिला टेकलेली हवा गारठते. गार हवा जड, म्हणून ती तळाशी बसते. वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. अशा उलट्या थरांत हवेची वरखाली ये-जा थांबते. पाटणकडे जाताना मला पहिल्यांदाच वाटलं, की माझी भीती बहुधा चुकीच्या गोष्टीला चिकटलेली आहे.

पश्चिमेला डोंगरांची रांग आली. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या, त्यांच्यामागे कोयना धरणाच्या शिवसागराचं पाणी दूरवर चकाकत होतं. अभयारण्याच्या हद्दीबाहेरून, पुरेशा उंचीवरून आम्ही दक्षिणेला वळलो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत मिळून सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचं हे रान आहे. वरून ते तीन रंगांत दिसतं. घळींमध्ये दाट हिरवं जंगल, माथ्यावर जांभ्याचे काळपट, उघडे सडे, आणि अधूनमधून गवताचे पिवळे तुकडे. नीट पाहिलं तेव्हा त्यातल्या काही तुकड्यांत बांध दिसले. पुनर्वसनात उठून गेलेल्या गावांची ती शेतं. कुणाच्या तरी चार पिढ्यांनी रचलेले ते बांध अजून जागेवर आहेत आणि त्यांच्यावर आता गवे चरतात. ते दृश्य मनातून जात नाही.

छोट्या विमानातून रान पाहायचं म्हटलं की आफ्रिका आठवते. मसाई मारा, ओकावांगो, सेरेनगेटी इथं मातीच्या धावपट्ट्यांवर अशीच विमानं उतरतात. फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मायकेल यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी सेरेनगेटीतल्या जनावरांची मोजदाद विमानातून केली. त्यांच्या डॉर्निअर विमानाला झेब्र्यासारखे पट्टे रंगवले होते. १० जानेवारी १९५९ रोजी एक गिधाड त्या विमानावर आदळलं आणि विमान कोसळलं. मायकेल तेव्हा २४ वर्षांचा होता. एन्गोरोंगोरोच्या कड्यावर त्याची कबर आहे. उड्डाणाआधी ही गोष्ट वाचायला नको होती, असं मला वाटलं होतं. आता वाटतं, बरं झालं वाचली. कारण गिधाडाला वर नेणारी हवा आणि विमानाला हिसके देणारी हवा एकच असते, हे मला त्या गोष्टीमुळेच शोधावंसं वाटलं.

सकाळी उतरल्यावर भावाला म्हटलं, मला आता भरदुपारी ने. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "खरंच? पूर्वेकडे जाऊया मग. माणकडे. तिकडं हवा उकळत असते."

साताऱ्याएवढा पावसाचा उतार फार थोड्या जिल्ह्यांत असेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशे. सांगलीतही तेच: पश्चिमेला चांदोलीचं चिंब रान, पूर्वेला आटपाडी आणि जत. ओली जमीन तापायला वेळ घेते, कारण उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. कोरडा मुरूम मात्र दहा वाजताच तापतो. त्याला टेकलेली हवा तापते, हलकी होते, आणि एका क्षणी बुडबुड्यासारखी सुटून वर निघते. वैमानिक तिला थर्मल म्हणतात. चढताना ही कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी थंड होते. भोवतालच्या हवेपेक्षा ती उबदार आहे तोवर चढत राहते, आणि ती चढते तेव्हा तिच्या शेजारची हवा तिची जागा भरायला खाली उतरते.

विमानातला धक्का म्हणजे या दोन प्रवाहांमधली शीव ओलांडणं. आमचं विमान ताशी १८५ किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला ५१ मीटरनं चाललं होतं. समोर सेकंदाला तीन मीटरनं वर जाणारी हवा आली, की पंखाला भिडणाऱ्या हवेचा कोन सव्वातीन-साडेतीन अंशांनी बदलतो. तेवढ्यानं उचल एकदम वाढते आणि आपण खुर्चीत दाबले जातो. पलीकडे उतरती हवा आली की उलटं होतं. बातम्यांत आपण याला 'एअर पॉकेट' किंवा 'हवेची पोकळी' म्हणतो. तो शब्द माझ्या भीतीला वर्षानुवर्षं खाऊ घालत होता. पोकळी म्हटलं की विमान खड्ड्यात कोसळणार असं वाटतं. हवेत खड्डा नसतो. तिथंही हवाच असते, खाली चाललेली, आणि पंख तिच्यावरही तरंगत असतात.

छोट्या विमानाला हे धक्के जास्त जाणवतात, त्याचं कारण साधं आहे. आमच्या विमानाचं भरलेलं वजन ११०० किलोच्या आसपास आणि पंख १६ चौरस मीटर, म्हणजे पंखाच्या दर चौरस मीटरवर ७० किलोही येत नाहीत. बोइंग ७३७ मध्ये हाच आकडा ६०० च्या वर जातो. पाचोळा आणि धोंडा यांना वारा सारखा हलवत नाही. पण हलणं वेगळं आणि मोडणं वेगळं. या वर्गातल्या विमानाची बांधणी स्वतःच्या वजनाच्या ३.८ पट भार इजा न होता सोसेल अशी करतात, आणि मोडण्याची मर्यादा त्याच्याही दीडपट ठेवतात. हवा फार उसळली तर वैमानिक वेग कमी करतो, म्हणजे पंखावर येणारा जादा भार कमी होतो. इंजिन बंद पडलं तरी हे विमान दगडासारखं पडत नाही. एक किलोमीटर उंचीवरून ते आठ-नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं.

साडेबाराला आम्ही कृष्णाकाठ सोडला. हिरव्या उसावर हवा अजून बऱ्यापैकी सरळ होती. खटावच्या उघड्या टेकड्या आल्या आणि विमान उसळलं, मग बुडालं. मी किंचाळले नाही, पण श्वास थांबला. शंभर मीटर तरी पडलो, असं शरीर शपथेवर सांगत होतं. काट्याकडे पाहिलं. तो ६० फूट सरकला होता. साठ फूट, म्हणजे १८ मीटर!

ही चूक कानाची. अंतर्कर्णात चुन्याच्या क्षारांचे सूक्ष्म कण एका चिकट थरावर बसलेले असतात. शरीराचा वेग बदलला की ते मागे रेंगाळतात आणि खालचे केसासारखे तंतू वाकतात. म्हणजे कानाला वेगातला बदल कळतो. किती अंतर गेलो, ते कळत नाही. अर्ध्या सेकंदाचा हिसका आणि खोल दरीत पडण्याची सुरुवात त्याला सारखीच वाटते. डोळ्यांनी मदत करावी, तर ते खुर्चीवर खिळलेले, आणि खुर्ची तर हलत नाही. मेंदू मग वाईटातलं वाईट गृहीत धरतो. झाडावर राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना त्या सवयीनंच वाचवलं असणार. त्यामुळे या भीतीची मला आता लाज वाटत नाही. फक्त तिला काटा दाखवावा लागतो, आणि क्षितिज.

पुढची वीस मिनिटं मी एक वेगळाच उद्योग केला. डोळे मिटायचे, धक्का आला की खाली काय असेल ते ओळखायचं आणि मग पाहायचं. उसळी आली: नांगरून टाकलेलं काळं रान. पुन्हा उसळी: मुरमाड माळ आणि मेंढ्यांचा कळप. मग सावकाश खाली खेचल्यासारखं झालं: मायणीचा तलाव. दर वेळी जमलं नाही, कारण वारा थर्मलला तिरकं वाहून नेतो आणि माळाची उसळी कधी कधी शेजारच्या बागेवर भेटते. पण जमिनीचा कस, तिची ओल, तिचा रंग हे सगळं मला पाठीच्या मणक्यातून कळत होतं. डोंगरांचाही स्वतःचा हिसका असतो. वारा जोराचा असला की आडोशाच्या बाजूला हवा ओढ्यातल्या धोंड्यामागच्या पाण्यासारखी गिरक्या घेते. त्या दिवशी वारा मंद होता, म्हणून तो अनुभव राहिला.

या उसळत्या हवेत काही माणसं मुद्दाम शिरतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं २००९ मध्ये ढगांचा अभ्यास विमानातून सुरू केला. पुढे सोलापूर भागात, याच पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, त्यांचं विमान ढगांच्या आत जाऊन थेंब आणि धूलिकण मोजत होतं. असे ढग म्हणजे तरी काय, थर्मलच्या डोक्यावर थंड होऊन थेंब झालेली वाफ. माणमधल्या शेतकऱ्याचा ढग पाऊस न देता का निघून जातो, हे समजण्यासाठी कुणीतरी माझ्यापेक्षा कितीतरी मोठे धक्के सोसले आहेत.

म्हसवडच्या अलीकडे पक्षी दिसले, खूप दूर, गोल गोल चढत चाललेले. भावानं लगेच विमान त्यांच्यापासून लांब वळवलं. घारी होत्या. मला गिधाडं दिसावीत, अशी आशा होती. गिधाड जड पक्षी, पंख मारत फार उडू शकत नाही. ऊन चढून हवा उठेपर्यंत ते कड्यावर थांबून राहतं. पण गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे, त्या गुरांची मढी खाऊन भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं दीड दशकात ९९ टक्क्यांहून जास्त संपली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. हवेचे ते खांब दुपारी अजूनही उठतात, आणि बहुतेक रिकामेच उठतात.

उतरलो तेव्हा कापडी पिशवी फडफडत होती. भाऊ विमानाचे पंख दोरखंडानं बांधत असताना पलीकडच्या तोडलेल्या फडात वावटळ उठली. आजी वावटळ दिसली की आम्हा पोरांना घरात ओढायची. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. उसाची पाचट वर निघाली, फिरत फिरत, झाडांच्या वर, मग कारखान्याच्या धुराड्याच्याही वर. एक लांब पान बराच वेळ उन्हात चमकत होतं. भाऊ हातातला दोर तसाच धरून वर बघत होता. मग ते पान आम्ही मघाशी होतो त्या उंचीकडे गेलं आणि दिसेनासं झालं.