तलफ घड्याळ बघून येते

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

रमजानच्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात एक गोष्ट दरवर्षी पाहायला मिळते. एरवी दिवसाला बिडीची दोन बंडलं संपवणारा माणूस पहाटे सहेरीनंतर बिडी विझवतो आणि संध्याकाळी रोजा सुटेपर्यंत तिला हात लावत नाही. तेरा-चौदा तास! सकाळी कामावर जातो, दुपारी दुकानाचा हिशेब लिहितो, बिडीचं नावही काढत नाही. चार वाजून गेले की चुळबुळ सुरू होते. मगरिबच्या अजानला दहा मिनिटं उरली की खजुराच्या ताटलीशेजारी बंडल आणि काडेपेटी हजर. त्या वेळी बायकोनं काही विचारलं तर खेकसतो. अजान झाली, खजूर तोंडात गेला, पाण्याचा घोट घेतला की लगेच पहिला झुरका.

आता गंमत पाहा. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणजे शरीराच्या हिशेबानं या माणसाचा जीव दुपारी बारालाच कासावीस व्हायला हवा. थोडी चिडचिड, थोडं डोकं जड होणं तेव्हाही असतंच. पण खरी तलफ येते ती बिडी मिळण्याची वेळ जवळ आली म्हणून. इस्रायलमधले मानसशास्त्रज्ञ रूवेन दार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानात काम करणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला होता. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. छोट्या प्रवासाच्या शेवटी, विमान उतरण्याच्या सुमारास त्यांची तलफ वाढत असे. लांबच्या प्रवासात तेवढेच तास सिगारेटविना गेलेले असूनही ती तेवढी नसे, कारण विमान अजून आकाशातच होतं. तिथे तलफ वाढायची ती उतरायची वेळ आली की.

मग हे सगळं ढोंग आहे का? मुळीच नाही. दारू पिणाऱ्याच्या घरात नेमकी हीच चूक होते. ‘त्या दिवशी साहेबांसमोर कसा नीट राहिलास? म्हणजे मनात आणलं तर जमतं तुला!’ असं आपण म्हणतो आणि सगळं खापर त्याच्या इच्छाशक्तीवर फोडतो.

मी कवी माणूस. बी.ए.ला मानसशास्त्र हा एक विषय होता, तेवढ्या शिदोरीवर पुढे वाचत गेलो. १९५४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत एका विशिष्ट जागी बारीक तार बसवली. उंदरानं दांडी दाबली की त्या जागी विजेचा हलका झटका बसे. उंदीर ती दांडी पुनःपुन्हा दाबत राहिले. मेंदूतलं सुखाचं केंद्र सापडलं, असा त्याचा अर्थ पुढे बरीच वर्षं लावला गेला. डोपामाइन हे सुखाचं रसायन, असं अजूनही लोक म्हणतात.

पुढे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी या समजाला धक्का दिला. मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ संपवलेले उंदीर समोर अन्न असूनही खाईनात. पण त्यांच्या जिभेवर गोड पाणी टाकलं, तर ते पूर्वीसारखेच ओठ चाटत. म्हणजे गोडी कळत होती. ती मिळवण्याची धडपड मात्र गेली होती. हवंसं वाटणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. मराठीत त्यांना आयते शब्द आहेत : ओढ आणि आवड. व्यसनात दिवसेंदिवस ओढ वाढत जाते आणि आवड तिथेच राहते, पुष्कळदा आटतेसुद्धा. ‘आता मजा येत नाही, पण घेतल्याशिवाय राहवत नाही,’ असं जुना पिणारा सांगतो तेव्हा घरच्यांना ती थाप वाटते. तो बहुधा खरं बोलत असतो.

आणि ही ओढ खुणांना बांधलेली असते. गुत्त्याच्या कोपऱ्यावरचा वास, पगाराचा दिवस, चुन्याची डबी उघडल्याचा आवाज, संध्याकाळचे सात. खूण दिसली की मेंदू आधीच तयारीला लागतो, विचार मागाहून येतो. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांत हेरॉइनचा फार फैलाव झाला होता. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी मागोवा घेतला. तिथे असताना साधारण पाचातल्या एकाला आपण हेरॉइनच्या आहारी गेलो, असं वाटत होतं. मायदेशी आल्यावर त्यातले फार थोडे पहिल्या वर्षात पुन्हा आहारी गेले. मुलूख बदलला, सोबती बदलले, भीती गेली, खुणाही मागे राहिल्या. आपल्या माणसाचं उलटं होतं. तो महिनाभर केंद्रात चांगला राहतो आणि मग त्याच गल्लीत, त्याच मित्रांत परत येतो.

संस्कृतात ‘व्यसन’ या शब्दाचा एक अर्थ संकट असा आहे. आपण त्यातून ‘व्यसनी’ हे विशेषण केलं आणि संकटाचं माणसाच्या स्वभावात रूपांतर केलं. उर्दू गझलेतल्या मैखान्याची तरी बाजू घ्यावी, तर तिथली शराब बहुतेक वेळा प्रतीक असते. मुशायऱ्यातून झिंगत घरी परतणाऱ्याच्या बायकोला ते प्रतीक कुणी समजावून सांगायचं?

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण तिच्यात जीव जातो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला एकदम दारू बंद करायला लावणं धोक्याचं असतं. घरचे शपथ घालतात, देवाच्या नाहीतर कुराणाच्या साक्षीनं कबूल करून घेतात आणि खोलीत कोंडून ठेवतात. सहा तासांपासून दिवसभराच्या आत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. लोक याला बाहेरचं काहीतरी समजतात आणि दवाखान्याऐवजी भलतीकडे नेतात. उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही येतो. डॉक्टरांकडे यावर औषधं आहेत, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत, आठवडाभरात हा काळ सहसा पार पडतो. शपथ घ्यायची तर जरूर घ्यावी, पण डॉक्टरांना सोबत घेऊन.

दुसरा धोका पुडीचा. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती तुम्ही वाचल्या असतील. अशा पुडीत काय असतं हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध १९४० च्या दशकापासून वापरात आहे. ते घेतल्यावर दारू प्यायली की दारूचं शरीरात नीट पचन होत नाही, विषारी अंश साठतो, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे ठाऊक आहे, तो दारूपासून लांब राहतो. औषधाचा सगळा उपयोग या ठाऊक असण्यातच आहे. नवऱ्याच्या डाळीत ते गुपचूप कालवलं आणि तो बाहेर जाऊन प्यायला, तर त्याचा जीव जाऊ शकतो.

बाहेर पडण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉक्टर बॉब स्मिथ हे दोन पिणारे एकमेकांशी बोलत बसले, त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. तिथे उपदेश करणारा वरच्या पायरीवर नसतो, तोही त्यातूनच आलेला असतो. पुढे १९५१ मध्ये पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन सुरू झाली, हे मला तितकंच मोलाचं वाटतं. पुण्यात अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण सुरू केलं, तेव्हा गर्दनं तरुण मुलं पोखरली जात होती. आपल्याकडे कुणी तुळशीची माळ घालून वारीला लागतो, कुणी तौबा करून मशिदीत जाऊ लागतो. सुशिक्षित लोक याला हसतात. मी हसत नाही. संध्याकाळी सात वाजता कुठे जायचं, कुणासोबत बसायचं, या प्रश्नाला माळेनं किंवा जमातीनं उत्तर दिलेलं असतं. काहीजण कुणाच्या मदतीशिवायही सोडतात. तंबाखू सोडणाऱ्यांत असे पुष्कळ असतात.

आणि काहींना औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. हेरॉइनच्या रुग्णांना मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देतात. ‘हे म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरली,’ अशी टीका होते. ही टीका मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. मोजून मिळणारं औषध घेऊन माणूस सकाळी कामावर जातो, सुईतून येणारे रोग टळतात. उलट अशा रुग्णानं काही आठवडे सगळं बंद ठेवलं आणि मग एके दिवशी पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर सवय गेलेलं शरीर ती पेलू शकत नाही. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दिवस म्हणून फार जपायचे असतात.

तो घसरला तर काय करायचं? सोडणारे पुष्कळजण एक-दोनदा घसरतातच. ‘गेलं सगळं पाण्यात,’ असं आपण म्हणतो, आणि तो त्याचाच आधार घेऊन आणखी पितो. चार महिने तो नीट राहिला होता, ते चार महिने पुसले जात नाहीत. दुसऱ्या दिवशी, नशा उतरल्यावर विचारावं : किती वाजता झालं? कुठे होतास? सोबत कोण होतं? खिशात पैसे किती होते? या प्रश्नांना तो उत्तरं देतो, कारण त्यांत आरोप नसतो. आणि त्या उत्तरांतून पुढच्या आठवड्याची आखणी करता येते. पगार थेट बायकोच्या खात्यात जाईल का, सातला मुलीच्या शिकवणीला तिला सोडायला तो जाईल का, कामावरून घरी यायचा रस्ता बदलता येईल का.

दारू आणि इतर अमली पदार्थांसाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, तंबाखूसाठी १८००-११-२३५६. तो स्वतः फोन करायला तयार नसेल, तर घरच्यांपैकी कुणीही करावा.