आयता ठेका

परवा भाच्यानं लॅपटॉपवर नवं गाणं ऐकवलं. ढोलकी झकास. "कोण वाजवतंय रे?"
"लूप आहे मामा. आयता मिळतो."

मी पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात ढोलकी बडवलेला माणूस. ‘ही तर कॉपी!’ अगदी ओठांवर आलं होतं. पण रिहानाच्या २००७च्या ‘अम्ब्रेला’चा ठेकाही गॅरेजबँड सॉफ्टवेअरमधला लूपच, मॅकवाल्या कुणालाही मिळणारा. ‘अम्ब्रेला’ मात्र एकच झालं.

माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. १९६९ साली ‘द विन्स्टन्स’च्या ‘आमेन, ब्रदर’मध्ये ग्रेगरी कोलमननं जेमतेम सात सेकंद एकट्यानं ड्रम वाजवला. पुढे तो तुकडा कापून, पळवून हिप-हॉप आणि ‘जंगल’ या संगीतशैलीची हजारो गाणी झाली. कोलमनला रॉयल्टीचा छदामही मिळाला नाही. २००६ मध्ये तो गेला. आजचे लूप निदान परवान्यासह विकतात.

भाच्याच्या लूपमध्ये खोट एकच होती: दर फेरीला थाप तिथंच, तेवढीच. हाताचं असं होत नाही, हात दमतो, लाडात येतो.
"चौथ्या फेरीची चाट जरा उशिरा पाड."
त्यानं माउसनं ती केसभर मागे ओढली. "एवढी?"
"अजून थोडी."