अठराव्या वर्षाचे मत

निवडणूक म्हणजे सुट्टीचा दिवस, अशी आपल्या शहरी घरांतून एक समजूत असते. भामरागडला तसे नाही. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावरचे हे तालुक्याचे गाव. पलीकडे छत्तीसगड, भोवती दाट जंगल आणि त्यात विखुरलेली माडिया गोंडांची खेडी. नक्षलवाद्यांनी बहिष्काराची पत्रके लावावीत आणि सरकारने यंत्रे व कर्मचारी हेलिकॉप्टरने उतरवावेत, असा इथला कित्येक वर्षांचा रिवाज. २०२४ सालीही इथे मतदान सकाळी सातला सुरू होऊन दुपारी तीनलाच संपले. संध्याकाळच्या आत सर्वांनी सुखरूप परतावे म्हणून.

आणि मतदान किती व्हावे? त्या वर्षी लोकसभेला गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत जास्त. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईने सुमारे ५० टक्क्यांवर समाधान मानले. मताची किंमत कोणाला अधिक कळते, हे वाचकांनीच ठरवावे.

या भागातल्या मुलांना मी मराठी शिकवितो. लोकशाहीवर निबंध लिहावयास सांगितला, तेव्हा एका माडिया मुलीने निबंधाऐवजी प्रश्नच आणला. "सर, गावच्या ग्रामसभेत मी बसते. तेंदूपानाचा व्यवहार ठरतो, तेव्हा माझा हात मोजतात. आमदार, खासदार मी निवडते. मग कॉलेजातच मला मत का नाही?"

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले आणि गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद झाला. अठरा वर्षांच्या पोरीचा शब्द तिथे पाटलाच्या शब्दाइतकाच मोजला जातो. महाविद्यालयाच्या फाटकातून आत आली की मात्र ती एकदम अज्ञान ठरते!

हे कसे झाले, ते सांगण्यासारखे आहे. १९८९ साली घटनादुरुस्ती अंमलात येऊन मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पालक हादरले आणि त्यांचे हादरणे रास्तच होते. पैसा, दारू, बाहेरचे गुंड हे सारे त्या निवडणुकांत शिरले होते. अखेर खुल्या निवडणुका गेल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर प्रतिनिधी घेण्याची पद्धत आणली. वर्गात जो पहिला, तो वर्गाचा पुढारी. पहिला येणारा मुलगा हुशार असतो, यात शंका नाही; पण वसतिगृहाच्या डाळीत पाणी फार झाले, तर ते प्राचार्यांना ठणकावून सांगेलच, असे नाही.

डाळीचे उदाहरण मी उगीच घेतले नाही. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात खानावळीचे बिल वाढले आणि मुले भडकली. त्या ठिणगीतून गुजरातचे नवनिर्माण आंदोलन पेटले. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना पायउतार व्हावे लागले, मार्चमध्ये विधानसभा विसर्जित झाली, आणि मोरारजी देसाई उपोषणाला बसल्यानंतर जून १९७५ मध्ये नव्या निवडणुका झाल्या. मधल्या काळात अनेक तरुण जिवांना मुकले.

त्याआधी १९६० साली दक्षिण कोरियात असेच घडले होते. १५ मार्चच्या निवडणुकीत उघड लबाडी झाली. निषेध करणाऱ्या एका शाळकरी मुलाचे प्रेत पुढे मासानच्या समुद्रात सापडले आणि १९ एप्रिलला राजधानी सेऊलचे रस्ते विद्यार्थ्यांनी भरून गेले. गोळीबारात शंभरावर माणसे मेली. २५ एप्रिलला अडीचशेहून अधिक प्राध्यापक त्या मुलांच्या पाठीशी रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी सत्ता सोडण्याचे जाहीर केले. आमच्या पेशाविषयी चार चांगले शब्द लिहावेत, असे प्रसंग इतिहासात थोडे. त्यांतला हा एक.

आपल्याकडे प्रश्न एवढा भयंकर नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका कागदावर परत आणल्या. २०१९ साली त्या घेण्याचे ठरले आणि पुढे ढकलल्या गेल्या. एरवी एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या विद्यार्थी संघटना या मागणीसाठी मात्र एकाच सुरात घोषणा देतात. कायद्याने दिलेले मागण्यासाठी रस्त्यावर यावे लागावे, याचा विषाद वाटतो.

विरोधकांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. मारामाऱ्या होतील, जातीचे गट पडतील, परीक्षा बुडतील, ही भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय नाहीत, असे नाही. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केल्या. उमेदवाराला खर्च पाच हजार रुपयांपर्यंत, हजेरी पाऊणशे टक्के आणि छापील भित्तिपत्रकांना मज्जाव. ते नियम पाळून घेणे कष्टाचे आहे, अशक्य नाही. बंदुकांच्या धाकातही भामरागडला मतदान घेता येते, तर चार भिंतींच्या आत ते घेता येऊ नये, हे मनाला पटत नाही.

आणि आई-वडिलांना एक विचारावेसे वाटते. आपला मुलगा अठराव्या वर्षी देशाचा कारभारी निवडण्याइतका शहाणा, आणि वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याइतका मात्र नाही, असे आपणांस खरोखर वाटते काय? पोहणे काठावर बसून येत नाही. मत देणे, हरणे, हरूनही विरोधकाशी हस्तांदोलन करणे, हे धडे पुस्तकांतून देण्याचा प्रयत्न मी पुष्कळ वर्षे करीत आहे. ते पुस्तकांतून येत नाहीत.

त्या मुलीच्या प्रश्नाला मी वर्गात उत्तर दिले ते कायद्याच्या कलमांचे. तिने वहीत ते सारे नीट उतरवून घेतले आणि विचारले, "म्हणजे निवडणूक कधी, सर?"