खजिन्याचा शोध, क्यूआर कोडच्या साहाय्याने

चिठ्ठ्या लपवून खजिना शोधण्याचा खेळ शालेय शिबिरांतून पूर्वापार चालत आला आहे. त्या चिठ्ठीची जागा आता क्यूआर कोड घेऊ लागला आहे. हा कोड १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार करण्यात आला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी तो पाठ्यपुस्तकांत आणला. या कार्याची दखल घेऊन त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार देण्यात आला.

ग्रामीण शाळेपुढील खरी अडचण नेटवर्कची असते. कोडमध्ये संकेतस्थळाचा पत्ता भरला, तर नेटवर्क नसलेल्या आवारात खेळ पहिल्याच टप्प्यावर अडतो. मात्र कोडमध्ये पत्त्याऐवजी प्रश्नाचा मजकूरच भरता येतो, आणि तो वाचण्यास इंटरनेट लागत नाही. देवनागरी अक्षरे कोडमध्ये अधिक जागा व्यापतात. म्हणून मजकूर दोन-तीन ओळींचा ठेवणे इष्ट. तो वाढला की चौकटी बारीक होतात व साध्या मोबाइलला वाचता येत नाहीत.

विषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील व लगतच्या रावेर तालुक्यातील शाळांना असीरगडासारखा विषय हाताशी आहे. बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर, सातपुड्यात उभा असलेला हा किल्ला फारुकी राजांकडून १६०१ मध्ये अकबराकडे गेला. पुढे तो शिंद्यांकडे आला आणि १८१९ मध्ये इंग्रजांनी घेतला. समजा, पहिल्या कोडमध्ये प्रश्न आहे : ‘अकबराने असीरगड कोणत्या साली घेतला? त्या सालातील अंकांची बेरीज करा व तितव्या इयत्तेच्या वर्गात जा.’ उत्तर बरोबर असेल तर बेरीज आठ येते आणि दुसरा कोड आठवीच्या वर्गात सापडतो. साल चुकले तर वर्गही चुकतो, व चूक मुलांना स्वतःलाच कळते. उत्तरे शोधण्यासाठी किल्ल्याच्या इतिहासाचे एक पान प्रत्येक गटास आधी द्यावे. अन्यथा खेळ केवळ धावण्याचा होतो.

चार-पाच मुलांच्या गटास शिक्षकांचा अथवा पालकांचा एक मोबाइल पुरतो. तो प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या मुलाच्या हाती द्यावा, एरवी घरी मोबाइल असलेले मूलच शेवटपर्यंत पुढे राहते. गटांचे आरंभस्थान निरनिराळे असावे, म्हणजे एकाच कोडभोवती गर्दी होत नाही.

कोडभोवती पांढरी कडा सोडावी. चकचकीत आवरणावर ऊन पडल्यास कोड वाचला जात नाही. सहलीच्या वेळी हा खेळ प्रत्यक्ष गडावर घ्यावयाचा असेल, तर कागद भिंतीवर चिकटवू नयेत. असीरगड हे संरक्षित स्मारक आहे. अशा वेळी कोडची कार्डे ठिकठिकाणी उभ्या असलेल्या शिक्षकांच्या हाती असावीत. सर्व कोड आदल्या दिवशी शाळेतील सर्वांत जुन्या मोबाइलवर, इंटरनेट बंद ठेवून, वाचून पाहावेत.