अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

इंजिनचे काम काढले की सिलिंडर बोअर करून घ्यावेत काय, हा प्रश्न बहुधा ताकद वाढण्याच्या आशेने विचारला जातो. ती आशा आकडेमोडीपुढे टिकत नाही. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांच्या ७९६ सीसी इंजिनात सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ६८.५ मिमी आणि पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, ७२ मिमी असल्याने व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढवला तरी क्षमता जेमतेम ८०८ सीसी होते. ही दीड टक्क्याची वाढ चालकाला जाणवणारही नाही.

बोअरिंगचे खरे कारण झीज हे आहे. पिस्टनची वरची रिंग जिथे क्षणभर थांबून दिशा बदलते, तिथे ज्वलनाचा दाब व उष्णता सर्वाधिक आणि तेलाचा थर अतिशय पातळ असल्यामुळे सिलिंडर वरच्या भागात अधिक झिजतो, तर तिरप्या कनेक्टिंग रॉडमुळे पिस्टन कडेला रेटला जाऊन सिलिंडरचा गोलावाही बिघडतो. अशा सिलिंडरात नुसत्या नव्या रिंगा बसवल्या, तर त्या भिंतीला सगळीकडून टेकत नाहीत आणि इंजिन तेल पीतच राहते.

बोअर गेजने घेतलेली मापे उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत असतील, तर होनिंगवर, म्हणजे भिंतीवर तेल धरून ठेवणाऱ्या बारीक तिरकस रेघा दगडांनी उमटवण्यावर, भागते. मर्यादा ओलांडली असल्यास मात्र बोअरिंगला पर्याय उरत नाही. त्यातही ओव्हरसाइज पिस्टन आधी हाती घेऊन, प्रत्येकाचे माप पाहून मगच सिलिंडर कापणे शहाणपणाचे, कारण कापलेले लोखंड परत येत नाही आणि भिंत फार पातळ झाली की नवा स्लीव्ह बसवून मूळ मापावर यावे लागते.